शेडनेटची वायर रोप कॉलमला पक्की केली, माझा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या टेरेसवर शेडनेटसाठी ६ एमएमची वायर रोप (तारांचा पिळलेला दोर) ओढलीय. आधीच्या फिटरनं हुक विटांच्या पॅरापेटमध्येच (कठड्यात) मारलेले, वळवाच्या वाऱ्यात नेट फुगली की हुक प्लास्टरसकट हलायचा. विटेचं काम दाब सोसतं, ओढ नाही ओ. मग उद्यमनगरातनं आय बोल्ट (डोक्याला गोल कडी असलेले बोल्ट) आणले, आरसीसी कॉलमला ड्रिल मारून भोकातली धूळ ब्रशनं नीट काढली अन् केमिकल अँकरनं (भोकात भरला की घट्ट होणारा गोंद) बसवले, पूर्ण सेट होईस्तोवर ताण द्यायचा नाही. रोपच्या टोकाच्या लूपमध्ये थिंबल (रोप झिजू नये म्हणून आतनं बसवायचं धातूचं अस्तर) पाहिजेच, आणि दुमडलेलं टोक धरायला क्लॅम्प तीन, यू-बोल्ट कापलेल्या टोकाकडं अन् खाचेचा भाग ताणाच्या रोपवर, उलटं लावलं की ताणाची रोपच चेंबते. टर्नबकलनं (फिरवून ताण कमी-जास्त करायचा स्क्रू) ओढताना थोडा झोळ ठेवलाय, एकदम सरळ ताणली की कॉलमवर ओढ लई वाढते. ताण दिल्यावर क्लॅम्पचे नट परत आवळले.