घराला डेक जोडताय? बोल्टच्या अंतरात या चुका टाळा

साइटवर फॅब्रिकेटरला विचारा, “भिंतीत बोल्ट किती अंतरावर घेणार?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “दोन-दोन फुटांवर टाकतो साहेब, काही होत नाही.” कधी कधी दोन फूट बरोबरही असतात. पण पुण्यातल्या बावधनचा नवा बंगला, मुळशीकडचं फार्महाऊस आणि प्रभात रोडवरचं जुनं घर या तिन्ही ठिकाणी एकच माप चालेल असं धरणं धोक्याचं आहे. डेक, म्हणजे घराबाहेरचा फळ्यांचा सज्जा, भिंतीपासून किती पुढे जातोय आणि त्या उंचीवर भिंतीत नेमकं काय आहे, यावरून अंतर काढावं लागतं. हिशेब पाच-दहा मिनिटांचाच आहे, त्यामुळे तो न करण्याला काही कारणच उरत नाही.

वजन कमी धरणं

एरवी डेकवर दोन खुर्च्या आणि चहाचं टेबल असतं. पण गणपतीत घर भरलेलं असतं, पाऊस उघडला की सगळे बाहेर येतात आणि फोटोसाठी एकाच बाजूला गोळा होतात. हिशेब त्या दिवसाचा करायचा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला किमान ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो वजन धरायला सांगितलं आहे. डेकलाही तेच धरावं. फळ्या आणि सांगाड्याचे ५० किलो मिळवले की ३५० झाले. मातीचे वाफे करणार असाल तर ते वेगळे मोजा, कारण फूटभर ओली माती एकटीच चौरस मीटरला ५०० किलोच्या वर जाते.

आता उदाहरण घेऊ. डेक भिंतीलगत साडेचार मीटर लांब आहे, तीन मीटर पुढे जातो आणि पुढच्या कडेला खांब आहेत. निम्मं वजन खांबांवर, निम्मं भिंतीवर. म्हणजे भिंतीच्या दर मीटरला १.५ गुणिले ३५०, ५२५ किलो. एक बोल्ट सुरक्षितपणे ४०० किलो पेलत असेल तर ४०० भागिले ५२५, म्हणजे ७६ सेंटिमीटर. हे जास्तीत जास्त अंतर झालं, मी ६० घेईन. दोन्ही टोकांना १५-१५ सेंटिमीटर सोडले की मधे ४.२ मीटर उरतात, त्यात ६० चे सात गाळे, म्हणजे दोन बोल्टमधली अंतरं, बसतात.

सात गाळे म्हणजे बोल्ट आठ. इथेच सात बोल्टची यादी दुकानात जाते आणि मग साइटवर अंतर ‘ॲडजस्ट’ होतं.

यातले ४०० किलो उदाहरणापुरते आहेत. खरा आकडा बोल्ट बनवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक पत्रकातून घ्यायचा. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत चार सुताचा (अर्ध्या इंची) फास्टनर, म्हणजे भिंतीत बसवायचा बोल्ट, मागितला तर दहा प्रकारचे मिळतील, आणि बाहेरून सारखे दिसणारे दोन फास्टनर सारखं वजन पेलत नाहीत. पत्रक नसलेला माल घेऊ नका.

अमेरिकेतला तक्ता पुण्यात वापरणं

इंटरनेटवर शोधलं की पहिल्यांदा अमेरिकी तक्ते हाती लागतात. त्यांच्या बांधकाम संहितेत दहा फुटी लांब तुळयांना अर्ध्या इंची लॅग स्क्रू (लाकडात फिरवून बसवायचा जाड स्क्रू) १८ इंचांवर दिलेला असतो. तो आकडा लाकडी पट्टी लाकडी चौकटीच्या घराला जोडण्यासाठी आहे, आणि वापराचं वजन चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १९५ किलो धरलेलं आहे. आपल्याकडे भिंत काँक्रीट, वीट किंवा ब्लॉकची आणि वजन ३०० किलो. दोन्ही गृहीतकं वेगळी असताना उत्तर लागू पडायचं कसं?

भिंतीत काय आहे ते न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बाहेरून सगळी भिंत एकाच रंगाची दिसते. गिलाव्याखाली मात्र कुठे बीम असतो, कुठे स्लॅबची कड, कुठे विटा, आणि नव्या इमारतीत एएसी, म्हणजे सिमेंटचे हलके, सच्छिद्र ब्लॉक.

बीम मिळाला तर उत्तम. डेकची पातळी नुसत्या स्लॅबच्या कडेवर आली तर नीट विचार करा. स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा असेल तर अगदी मधोमध भोक पाडूनही वर-खाली जेमतेम ६२ मिलिमीटर काँक्रीट उरतं. बोल्ट ७० मिलिमीटर खोल जाणार असेल तर पूर्ण ताकदीसाठी कडेपासून साधारण खोलीच्या दीडपट, म्हणजे १०५ मिलिमीटर लागतात. वजन खाली ढकलतं आणि खालची कड जवळ असते, त्यामुळे काँक्रीटचा तुकडाच निघून येऊ शकतो. कंपनीच्या पत्रकाप्रमाणे अशा जागी ताकद ४०० वरून २०० किलोवर आली असं समजा. मग अंतर ३८ सेंटिमीटरच्या आत यायला हवं. ३५ धरलं तर त्याच डेकला आठऐवजी तेरा बोल्ट लागतात. डेक तोच आणि वजनही तेच, फक्त भिंतीतली जागा बदलली.

विटांच्या भिंतीत फुगणारा फास्टनर आवळला की वीट फुटते आणि एएसी ब्लॉकमध्ये आजूबाजूचा भुगा होतो. तिथे जाळीच्या स्लीव्हसह केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट आणि पलीकडून प्लेट हे पर्याय आहेत. पण मनापासून सांगायचं तर अशा भिंतीला डेक टांगूच नका. काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीलाही नको. दगड कितीही कणखर असला तरी भोक चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्यात जाऊ शकतं. भिंतीलगत आणखी एक खांबांची रांग द्या आणि डेक स्वतःच्या पायावर उभा करा.

गिलावा धरून खोली मोजणं

बाहेरचा गिलावा सहज २० मिलिमीटर असतो. ७० मिलिमीटर भोक त्याच्यासकट मोजलं तर काँक्रीटमध्ये ५० च जातात. शिवाय चॅनल, म्हणजे डेक धरणारी भिंतीवरची लोखंडी पट्टी, गिलाव्यावर टेकलेलं असतं, गिलावा कालांतराने चुरतो आणि बोल्ट आडवा वाकायला लागतो. चॅनलच्या जागेचा गिलावा काढा, काँक्रीट उघडं करा आणि उरलेली फट नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा. हे काम कंटाळवाणं आहे आणि यात धूळ फार होते, पण याला पर्याय नाही.

बोल्ट जवळजवळ कोंबणं

अंतर जास्त पडणं जसं वाईट, तसं फार कमी पडणंही. ओढ बसली की प्रत्येक बोल्ट आपल्याभोवतीचा काँक्रीटचा शंकू धरून असतो. दोन बोल्ट खोलीच्या तिपटीपेक्षा जवळ आले, म्हणजे ७० च्या खोलीला २१० मिलिमीटरच्या आत, तर दोघांचे शंकू एकमेकांत घुसतात. मग चार बोल्टची ताकद चौपट मिळत नाही. आठ इंची प्लेटच्या चार कोपऱ्यांत चार बोल्ट मारून “आता हत्ती उभा करा” म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

याचीच दुसरी बाजू अशी, की वर काढलेला मीटरमागचा हिशेब वजन सलग पसरलेलं असेल तेव्हाच खरा. डेकला दोन-तीनच जड तुळया असतील तर भार त्यांच्या टोकांवरच येतो. तिथे तुळईगणिक वेगळा हिशेब हवा.

सळई लागली म्हणून भोक सरकवणं

ड्रिल सळईला अडलं की मिस्त्री इंचभर बाजूला दुसरं भोक पाडतो. दोन भोकांमधलं काँक्रीट मग नावापुरतं राहतं. सळई कापू नका. रिकाम्या भोकाच्या खोलीच्या दुप्पट तरी लांब जा. जवळच घ्यावं लागलं तर जुनं भोक आधी मजबूत ग्राउटने भरा. एक बोल्ट सरकला की शेजारचा गाळा वाढतो, म्हणून तो पुन्हा मोजा आणि मर्यादेबाहेर गेला तर एक बोल्ट वाढवा.

केमिकल अँकरचं भोक तोंडाने फुंकून साफ होत नाही. पंपाने हवा, मग ब्रश, मग पुन्हा हवा, हा क्रम पाळा. नट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पत्रकातल्या मापाने आवळा.

पाण्याची वाट न करणं

चॅनल आणि भिंतीमधे पावसाचं पाणी उतरलं की ते बोल्टच्या मानेपाशी साठतं, आणि तो भाग कुणालाच दिसत नाही. वरून भिंतीत खोचलेली पत्र्याची पट्टी आणि पीयू सीलंट दोन्ही हवंत. मुळशी-लोणावळ्याकडच्या पावसात पिवळसर झिंक प्लेटिंगचे बोल्ट वापरू नका. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा ३०४ स्टेनलेस घ्या. भिंतीला लाकडी पट्टी लावणार असाल तर आणखी जपा. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत जून २०१५ मध्ये बाल्कनी कोसळून सहा जण गेले, तिथल्या लाकडी तुळया आत पाणी मुरून कुजल्या होत्या. लाकडात सगळे बोल्ट एका सरळ रेषेत घेऊ नका. एक वर, एक खाली असे घ्या, नाहीतर पट्टी रेषांच्या बाजूने चिरते.

डेक आधीच लावलेला असेल तर

चॅनलच्या वरच्या कडेला आणि भिंतीत पोस्टकार्ड सरकवून बघा. ते आत जात असेल तर वरचे बोल्ट ओढले जात आहेत. नट फिरतोय पण आवळत नसेल तर त्या बोल्टची पकड गेलेली आहे. आधी डेकला खालून जॅक लावा, मग योग्य अंतरावर नवीन भोक घ्या. बोल्टपासून खाली तिरक्या चिरा गेल्या असतील तर कड फुटायला लागली आहे. तिथे मधे बोल्ट वाढवून उपयोग नाही, खालून खांबच द्यावे लागतील.

चालताना डेक वर-खाली लवतो म्हणून पुष्कळजण बोल्ट वाढवतात. बहुधा त्याचं कारण बारीक तुळया असतं. डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर तिरके ब्रेसिंग (खांबांना धरणारे आडवे-तिरपे आधार) कमी आहे.

पुढच्या खांबांचा पायाही उघडून बघा. पुण्याच्या आसपास बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खांब हलतात. भिंत मात्र हलत नाही, आणि तो फरक बोल्टवर येतो. खांबाचा पाया काळ्या मातीखाली, मुरुमापर्यंत गेलेला नसेल तर भिंतीतल्या बोल्टना हात लावण्याआधी तो दुरुस्त करून घ्या.