राणी झाशी रेजिमेंटवरील प्रदर्शनाची तयारी

वाचनालयाच्या सभागृहात हे प्रदर्शन मांडायचे असेल, तर दिवस २२ ऑक्टोबरचाच धरावा, कारण १९४३ साली याच दिवशी सिंगापूरच्या वॉटर्लू स्ट्रीटवर आझाद हिंद सेनेतील स्त्रियांच्या पलटणीचे, म्हणजेच राणी झाशी रेजिमेंटचे, प्रशिक्षण शिबिर सुरू झाले. आदल्या दिवशी, २१ ऑक्टोबरला, आझाद हिंद सरकारची घोषणा झाली होती. पाहुणे या दोन तारखा हमखास एक करतात, म्हणून त्या वेगवेगळ्या फलकांवर लिहाव्यात.

पहिला फलक नावाचा असावा. या सैनिकांना 'राणी' म्हणत, आणि ज्या लक्ष्मीबाईंवरून हे नाव घेतले त्या तांबे घराण्यात जन्मलेल्या होत्या, एवढा मराठी धागा येथे पुरेसा आहे. तो लांबवून सगळी भिंत १८५७ ला देऊ नये. आपल्याकडे हा मोह अनावर असतो, आणि मग या पलटणीत भरती झालेल्या मलायातल्या (आजच्या मलेशियातल्या) मुलींना कोपरा मिळतो.

त्या मुलींसाठीच सर्वांत मोठी जागा राखावी. ९ जुलै १९४३ रोजी सिंगापूरच्या पाडांग मैदानावरील सभेत सुभाषचंद्र बोस यांनी स्त्रियांच्या पलटणीची मागणी केली आणि तीनच दिवसांत डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांनी जमवलेल्या सुमारे वीस स्त्रियांनी साड्या नेसून, हाती रायफली घेऊन त्यांना मानवंदना दिली. पुढे भरती झालेल्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांच्या मुली मोठ्या संख्येने होत्या, आणि ज्या भारतासाठी त्या शस्त्र उचलत होत्या तो त्यांच्यापैकी अनेकींनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. हे वाक्य ठळक अक्षरांत छापावे. क्वालालंपूरच्या जानकी तेवर यांचे छायाचित्र मिळाल्यास कॅप्टन लक्ष्मी यांच्या छायाचित्राशेजारी, त्याच आकारात लावावे. नंतरच्या काळात रेजिमेंटची सूत्रे जानकी यांच्या हाती होती.

गणवेशाच्या चित्रात खाकी पोशाख आणि टोपी दाखवावी, आणि अनेकींनी केस कापले होते ही नोंद शेजारी हवीच, कारण त्या काळच्या घरांत यावरून काय झाले असेल हे आजीला विचारले तरी कळेल. हिंदुस्थानी भाषा रोमन लिपीतून शिकवली जाई. कवायतीच्या एखाद्या आज्ञेचा नमुना मिळाला तर लावावा, नाहीतर नुसता उल्लेख करावा.

टेबलावर लाकडी रायफल ठेवण्याऐवजी चार किलो गव्हाची पिशवी ठेवावी. त्या काळची ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफल साधारण तेवढ्याच वजनाची असते. ती पिशवी हात लांब करून मिनिटभर धरायला सांगितले की मुलांचा आवाज आपोआप खाली येतो.

मजकूर तपासताना एक चूक कटाक्षाने टाळावी. आमच्याच एका जुन्या फलकावर 'इंफाळच्या रणांगणात लढलेल्या वीरांगना' असे छापून गेले होते, आणि ते प्रदर्शन संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. या पलटणीची तुकडी १९४४ मध्ये रंगूनमार्गे ब्रह्मदेशातील मेम्यो गावापर्यंत गेली. पण जपानी सैन्य व आझाद हिंद सेना यांची इंफाळची मोहीम फसल्याने तिला आघाडीवर उतरवले गेले नाही. त्यांनी रायफल, संगीन आणि हातबॉम्ब यांचे शिक्षण घेतले होते, परिचारिका शाखेने जखमींची शुश्रूषा केली, आणि एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडल्यावर विमानांच्या भीतीने रात्री चालत, सितांग नदी ओलांडून, त्या मौलमीनला व तेथून बँकॉकला पोहोचल्या. बोस त्यांच्याबरोबर पायी चालले. एवढे खरे असताना खोट्या लढाईची भर कशाला?

नकाशावर सिंगापूर ते मेम्यो हा मार्ग लाल दोऱ्याने आणि माघारीचा मार्ग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दाखवावा, टाचण्या व दोरे आदल्या संध्याकाळीच लावून ठेवावेत. नकाशा दाराजवळ नव्हे, आतल्या भिंतीवर लावावा. त्याच्यापुढे लोक बराच वेळ उभे राहतात आणि दारात गर्दी होते.