डाळिंबाची तोडणी-पिशवी वापरताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यात डाळिंबाची तोडणी आजही कित्येक बागांत पाटीत, बादलीत किंवा बायांच्या साडीच्या ओटीत होते. काही बागायतदारांनी आता अंगावर अडकवायच्या तोडणी-पिशव्या घेतल्या आहेत. या पिशवीचे दोन रुंद पट्टे दोन्ही खांद्यांवरून जाऊन पाठीवर एकमेकांना छेद देतात आणि तोंडाला कडे बसवलेले असल्यामुळे ते पोटासमोर कायम उघडे राहते. पिशवीला खाली शिवलेला तळ नसतो. तळाचे लांब कापड वर दुमडून दोरीने किंवा हुकाने अडकवलेले असते आणि हूक सोडला की फळे खालच्या तोंडातून थेट कॅरेटमध्ये उतरतात. मजुराचे दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणजे एका हाताने फळ धरून दुसऱ्या हाताने सिकेटर, म्हणजे देठ कापायची कात्री, चालवता येतो. डाळिंबासारख्या काटेरी झुडपात या मोकळ्या हाताची किंमत फार मोठी आहे.

तरीही पिशवी आणल्यावर डाग वाढले, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे आणि आमच्या बागेत पहिल्या बहाराला, म्हणजे फळांच्या पहिल्या हंगामाला, मी स्वतःही ती केली आहे. पुढे तीन-चार बहार लक्ष घालून पाहिल्यावर माझे मत असे झाले की फळाला लागणारा मार तोडताना फार थोडा लागतो. तो पिशवी भरताना आणि त्याहून अधिक ती रिकामी करताना लागतो. त्यामुळे पिशवी चांगली की वाईट हे ठरवण्याआधी फळावरचा डाग वाचायला शिकले पाहिजे.

तोडणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रतवारीला बसताना बाजूला काढलेली वीस-पंचवीस फळे हातात घेऊन पाहावीत. सालीला टोचल्यासारखे बारीक, खोल भोक दिसले तर ते शेजारच्या फळाच्या देठाचे किंवा देठाच्या विरुद्ध टोकाला असलेल्या मुकुटाचे काम असते. डाळिंबाचा मुकुट वाळला की त्याच्या पाकळ्या कडक आणि टोकदार होतात आणि देठ अर्धा इंच जरी बाहेर राहिला तरी तो पिशवीत खिळ्यासारखा वागतो. लांब, एकाच दिशेने गेलेले ओरखडे दिसले तर भरलेली पिशवी फांद्यांत घुसवून पुढचे फळ गाठण्याची सवय मजुराला लागली आहे असे समजावे. ओळींमध्ये 4.5 मीटर अंतर ठेवलेले असले तरी बहाराच्या शेवटी फांद्या ओझ्याने वाकून वाट अडवतात आणि पिशवीच्या उघड्या तोंडातून काटे आत शिरतात. बारीक वाळू घासल्यासारखी एका बाजूची साल खरबरीत झाली असेल, तर पिशवीच्या तळाशी साचलेली माती आणि काडीकचरा हे त्याचे कारण असते. आणि रुपयाएवढा, कडा अस्पष्ट असलेला तपकिरी डाग, ज्याखाली बोट दाबल्यावर साल किंचित खचलेली लागते, तो पडण्याचा डाग आहे. आमच्या पहिल्या बहारात बाजूला काढलेल्या फळांवर हाच डाग सर्वांत जास्त होता आणि मी मात्र बरेच दिवस काट्यांना दोष देत बसलो होतो.

पडण्याचा हा डाग दोन जागी तयार होतो. पहिली जागा म्हणजे पिशवीचे तोंड. हात मोकळे झाले की वेग वाढतो, आणि वेगात फळ पिशवीत ठेवण्याऐवजी सोडले जाते. रिकाम्या पिशवीत पहिली सात-आठ फळे दीड-दोन फूट खाली जाऊन आदळतात. म्हणून सुरुवातीची फळे हात आत घालून तळाशी ठेवावीत, एवढी एक सूचना तोडणी सुरू होण्याआधी प्रत्येकाला प्रत्यक्ष करून दाखवावी, कारण ती नुसती सांगितल्याने अंगवळणी पडत नाही.

दुसरी आणि मोठी जागा म्हणजे कॅरेट. पिशवी रिकामी करण्याची पद्धत अशी आहे की कॅरेटसमोर उभे राहून गुडघ्यांत वाकावे, पिशवीचा तळ कॅरेटच्या तळाला किंवा आधीच्या फळांच्या थराला टेकू द्यावा, मग हूक सोडावा आणि सावकाश उभे राहत पिशवी वर उचलावी, म्हणजे फळे पडत नाहीत, सरकून पसरतात. प्रत्यक्षात दिवसभराच्या थकव्याने माणूस उभ्याउभ्याच हूक सोडतो आणि दहा-बारा किलो फळे प्लॅस्टिकच्या कडक तळावर एकदम कोसळतात. आम्ही यावर उपाय म्हणून कॅरेट जमिनीवर ठेवण्याऐवजी दुसऱ्या पालथ्या कॅरेटवर ठेवू लागलो आणि तळाशी कागदाच्या कात्रणांचा थर दिला. उंची वाढल्यामुळे वाकणे अर्ध्यावर आले आणि बायांनी आपणहून पिशवी टेकवून सोडायला सुरुवात केली. जी पद्धत कंबरेला सोसवत नाही ती कितीही वेळा शिकवली तरी दुपारनंतर मोडते, हे येथे लक्षात ठेवावे लागते. काहीजण तळाचे तोंड न वापरता पिशवी वरूनच उलटी करतात. तसे केल्यास तळाची फळे सर्वांत वर येऊन उंचावरून पडतात आणि अशी पिशवी घेण्याचा उद्देशच संपतो.

भरण्याच्या मापाविषयीही गैरसमज आहे. पिशवीत 18 ते 20 किलो मावते म्हणून तेवढे भरलेच पाहिजे असे नाही. भगवा या डाळिंबाच्या वाणाचे फळ सरासरी 300 ग्रॅमचे धरले तर 10 किलोत तेहतीस-चौतीस फळे होतात, आणि त्यावर आणखी थर चढले की सगळा भार खालच्या फळांच्या मुकुटांवर जातो. आम्ही 10 किलोच्या आसपास थांबतो. दोन पिशव्यांत 20 किलोचे एक कॅरेट होते, मोजदाद सोपी राहते आणि सोलापूरच्या मार्चमधल्या उन्हात हस्त बहार तोडणाऱ्या माणसाच्या मानेवर दिवसभर किती ओझे राहावे याचाही विचार होतो. उक्ती, म्हणजे ठरावीक रकमेला ठेक्याने, तोडणी दिली असेल तर पिशव्या गळ्यापर्यंत भरल्या जातात, कारण तेथे खेपा वाचवण्यात मजुराचा फायदा असतो. निर्यातीच्या किंवा उत्तम प्रतीच्या मालासाठी हजेरीने, म्हणजे रोजंदारीवर, तोडणी देणे मला अधिक रास्त वाटते.

पट्ट्यांची गोष्ट वेगळी आणि सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण बहुतेक बागांत पिशवी ज्या लांबीवर बाजारातून आली त्याच लांबीवर ती सगळ्यांच्या अंगावर चढते. आमच्याकडे तोडणीला येणाऱ्या एका मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “दादा, ही पिशवी पोटाव न्हाय, गुडघ्याव बसतीया.” त्यांची उंची पाच फुटांहून कमी होती आणि पिशवी बेतलेली होती उंच माणसाच्या मापाने. प्रत्येक पावलाला पिशवीचा तळ मांडीवर आपटत होता आणि आतली फळे एकमेकांवर घासत होती. त्यांनी पट्ट्याला दोन गाठी मारल्या, पिशवी वर आली, पण गाठी खांद्यात रुतू लागल्या. शेवटी पट्टा उसवून बक्कल वर सरकवून शिवून घेतले तेव्हा पिशवी नीट बसली. पिशवीचे तोंड बरगड्यांच्या खाली आणि कोपर सहज वाकवल्यावर हात जेथे येतो त्या उंचीवर असावे, तळ मांडीच्या मध्याच्या खाली जाऊ नये, हे माप प्रत्येकाच्या अंगावर भरलेल्या पिशवीनेच पाहावे. रिकामी पिशवी नेहमी चांगलीच बसते. एकदा माप ठरले की त्या पिशवीवर त्या व्यक्तीची खूण करावी, म्हणजे रोज सकाळी पट्ट्यांशी झटापट होत नाही.

पट्टे पाठीवर छेद देऊन न घालता एकाच खांद्यावर शबनम पिशवीसारखे अडकवणे, ही चूकही फार दिसते. तसे घातले की ओझे एका कुशीवर येते, माणूस तिरका चालतो आणि पिशवी झुलून झाडावर आपटते. बाया साडीवर जो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, त्याच्या वरून पट्टे घ्यावेत आणि पदर शर्टाच्या आत खोचून घ्यावा, नाहीतर पदर पट्ट्याखाली सरकून पट्टा ढिला होतो. खांद्यावर पट्टा रुतत असेल तर आपल्या सोलापूरच्या जाड टॉवेलची घडी पट्ट्याखाली शिवावी, ती घाम शोषते आणि धुताही येते. मात्र हाच टॉवेल अस्तर म्हणून पिशवीच्या आत लावण्याचा मोह टाळावा. मी तो प्रयोग केला आणि दोन दिवसांत टॉवेलच्या फासांत काळी माती, वाळलेली पाने आणि फुटलेल्या फळाचा रस बसून त्याचा पॉलिश पेपर झाला. आतून कापड गुळगुळीत आणि सहज पुसता येणारे असावे आणि शिलाईच्या कडा बाहेरच्या बाजूला असाव्यात. सोलापुरात गणवेश शिवणारे कारागीर मुबलक आहेत आणि त्यांच्याकडून पिशव्या शिवून घेणे सहज शक्य आहे, पण कारागिराला तोंडी वर्णन न देता उसवलेली एक जुनी पिशवी नमुना म्हणून द्यावी.

खताच्या रिकाम्या गोणीला दोर बांधून तोडणी-पिशवी करणे हा काटकसरीचा मार्ग मी पूर्णपणे नाकारतो. तिची वीण आतून खरखरीत असते, तिला उभे राहण्याचा आकार नसतो आणि खताचे कण धुऊनही शिवणीत राहतात. खाण्याच्या फळाला ते लागू देणे योग्य नाही.

देठाचा मुद्दा पिशवीशी थेट जोडलेला आहे. फळ कधीही पिळून किंवा ओढून तोडू नये, कारण देठाजवळची साल फाटते आणि तेथून बुरशी शिरते. सिकेटरने देठ फळालगत कापावा आणि पिशवीत जाण्याआधी बोट फिरवून टोक राहिले नाही ना, हे पाहावे. डाळिंब तोडल्यानंतर आणखी पिकत नाही, म्हणून घाईने अर्धवट रंगाचे फळ पिशवीत टाकले की ते तसेच राहते. सिकेटर मात्र पिशवीत ठेवू नये. त्यासाठी पट्ट्याला बाहेरून एक कप्पा शिवावा. आमच्या प्रतवारीत एका बहाराला सरळ चिरा पडलेली फळे वारंवार येत होती आणि कारण शोधताना एका पिशवीत फळांच्या मध्ये उघडा सिकेटर सापडला.

तेल्या रोगाचा विचार पिशवीच्या बाबतीत फारसा कोणी करत नाही. हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या तुषारांबरोबर आणि अवजारांबरोबरही पसरतो. टोळी आज एका बागेत, उद्या दुसऱ्या बागेत जाते आणि तिच्याबरोबर पिशव्या व सिकेटरही जातात. म्हणून पिशव्या बागेच्या स्वतःच्या असाव्यात आणि टोळीच्या पिशव्या बांधावरच ठेवायला सांगाव्यात. सिकेटर 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावेत. पिशव्या त्या द्रावणात भिजत घालू नयेत, कारण क्लोरीनमुळे नायलॉन आणि सुती धागा कमकुवत होतो. त्या साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात. रोगट, डागाळलेली किंवा फुटलेली फळे वेचण्यासाठी वेगळी बादली ठेवावी, तीच पिशवी वापरू नये.

ही पिशवी सगळ्या फळांना चालते असेही नाही. पेरू आणि बोराला ती चांगली आहे. लिंबाला चालते, पण पहाटेच्या दवात तोडलेल्या लिंबाची साल ताठ असते आणि दाबल्यावर तिच्यातले तेल फुटून डाग पडतात, म्हणून दव उडाल्यावर तोडावे. आंब्याचा चीक पिशवीला लागला की पुढच्या प्रत्येक फळाला लागतो, त्यामुळे आंबा देठासह तोडून कॅरेटमध्येच ठेवावा. द्राक्षासाठी तर ती अजिबात वापरू नये, कारण घडावरची पांढरी मेणचट लव पिशवीत पुसली जाते आणि मणी चिरडतात. बार्शी भागातल्या सीताफळाला मी ती वापरून पाहिली, पण फळाचे डोळे एकमेकांत रुतून काळे पडले, म्हणून सीताफळाला आम्ही पुन्हा उथळ कॅरेटवर आलो.

राहिले हूक आणि शिवण. तळाचे कापड दोन्ही बाजूंनी अडकवलेले असते आणि घाईत एकच हूक लागला तर अर्ध्या वाटेत सगळा माल मातीत सांडतो. दोन्ही हूक लागल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पहिले फळ आत जाऊ नये. कड्याची तार शिवणीतून बाहेर डोकावू लागली की ती लगेच कापडाने गुंडाळून शिवावी, कारण ती प्रत्येक फळाला ओरखडते. दर खेपेला पिशवी रिकामी झाल्यावर एकदा उलटी झटकावी. हंगाम संपल्यावर ती फवारणीच्या औषधांच्या खोलीत ठेवू नये आणि जमिनीवरही टाकू नये, कारण रसाच्या वासाने उंदीर नेमका तळाचा दुमडलेला भाग कुरतडतात. आम्ही पिशव्या धुऊन, हूक सोडून, पडवीतल्या तारेवर टांगतो आणि पुढच्या तोडणीच्या आठ दिवस आधी प्रत्येकीत 10 किलोची विटांची थैली ठेवून दिवसभर तशीच लटकत सोडतो. जी शिवण सुटायची असते ती त्या दिवशी सुटते.