घराला रंग लावायचाय? मग आधी हे वाचा

निळ्याने शांत वाटतं, लाल बघून भूक लागते, पिवळ्याने मूड फ्रेश होतो, ही यादी सगळीकडे फिरत असते, पण नुसत्या तिच्यावरून भिंती रंगवू नका प्लीज. १९७९ला अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या कोठडीत भिंती गुलाबी केल्या आणि कैदी शांत होतात म्हणून केवढा गाजावाजा झाला, नंतरच्या प्रयोगांत मात्र तसं काही ठाम निघालं नाही. मूडवर जास्त परिणाम होतो तो रंग किती भडक आणि किती उजळ आहे याचा. म्हणजे फिकट राणी कलरमध्ये निवांत झोप लागेल आणि भडक निळ्यात डोकं उठेल, असंही होऊ शकतं.

पहिलं काम, खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघा. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराच काळ थेट ऊन येतच नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो, तिथे ग्रे लावला की पावसाळ्यात खोली अगदी उदास वाटते, त्यापेक्षा क्रीम किंवा फिकट अबोली घ्या. पश्चिमेच्या खोलीत चारनंतर केशरी ऊन आत घुसतं, तिथे पीच किंवा हळदी लावलात तर बघूनच उकडेल, पिस्ता छान दिसतो.

मग दिवे बघा, हे तर लोक विसरतातच. बल्बच्या खोक्यावर केल्विन, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर याचं माप, लिहिलेलं असतं, २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढरा निळसर. आपल्याकडे हॉलमध्ये सर्रास ६५०० असतो आणि त्यात ऑफव्हाइट भिंती असल्या की संध्याकाळी दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. अशा वेळी रंग बदलायच्या आधी बल्ब बदलून बघा, खर्च कितीतरी कमी.

आता सॅम्पल. शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावरून काहीच कळत नाही. साधारण दोन बाय दोन फुटांचा जाड पुठ्ठा घ्या, प्रायमर मारून रंगाचे दोन हात द्या, कडेने पांढरी पट्टी सोडा म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्यांना फसवत नाही. पुठ्ठा जमिनीवर आडवा ठेवून बघू नका, भिंतीला उभा टेकवा, आणि सकाळी, दुपारी, रात्री दिवे लावून असा तीनदा बघा. चारही भिंतींना लागला की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि तो गडद वाटतो, म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या.

गडद रंग हवाच असेल तर बेडरूममध्ये पलंगाच्या डोक्यामागच्या भिंतीला द्या, आत शिरताना मस्त दिसतो आणि पडल्यावर डोळ्यांसमोर येत नाही. किचनमध्ये ओट्यासमोर भडक हिरवा वगैरे नको हं, त्याची झाक पदार्थांवर पडते आणि कांदा गुलाबी झाला की करपला ते नीट कळत नाही.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर बाथरूममध्ये पांढरी टाइल, पांढरा कमोड, आधाराला धरायचा हँडलही पांढरा असं अजिबात करू नका. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, मोतीबिंदू असला तर अजूनच धूसर दिसतं आणि पांढऱ्यावरचं पांढरं ओळखू येत नाही. हँडल गडद निळा नाहीतर मरून घ्या आणि कमोडमागच्या टाइलही वेगळ्या रंगाच्या लावा.