पूल टेबलचं कापड बदलताय? आधी खालची स्लेट नीट करून घ्या

पुण्यात एका छोट्या पूल पार्लरची चार टेबलं मी बरीच वर्षं सांभाळतोय आणि कापड बदलायच्या वेळी सगळ्यात जास्त घाई लोक कुठं करतात तर जुनं कापड निघालं की लगेच नवीन ताणायला घेतात. दोन तास वाचतात पण पुढची दोन वर्षं बॉल वाकडा जातो. कापडाची जाडी ती केवढी, त्यातून हल्ली सगळ्यांना फास्ट, गुळगुळीत विणीचं कापड हवं असतं, त्याच्याखाली वाळूचा एक कण जरी राहिला तरी वरून टेंगूळ दिसतं. म्हणून स्लेटचं काम कसं करायचं ते जरा सविस्तर लिहितोय. मी नऊ फुटी, तीन तुकड्यांच्या स्लेटचं टेबल धरून सांगतो, पार्लरमध्ये बहुतेक तेच असतं.

स्लेट म्हणजे एक प्रकारचा दगड, पातळ थरांचा आणि घासला की एकदम सपाट होणारा. १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टननं बिलियर्ड्सच्या टेबलाला लाकडाऐवजी स्लेट वापरायला सुरुवात केली, कारण लाकूड हवा बदलली की फुगतं, वाकतं आणि दगड तसं करत नाही. पण आपल्याकडं एक गोष्ट विसरतात, की दगड पाणी पीत नसला तरी त्याच्या खाली कडेकडेनं जी लाकडाची किंवा एमडीएफची (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) पट्टी चिकटवलेली असते ना, स्टेपल मारायला, ती भरपूर पाणी पिते. त्यामुळं पहिला नियम, स्लेट ओल्या फडक्यानं धुवायची नाही, आणि शक्य असेल तर हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढायचंच नाही. कोकणात किंवा मुंबईत असाल आणि पावसाळ्यातच करायची वेळ आली तर आदल्या दिवसापासून खोलीत एसी चालू ठेवा, लाकूड जरा ताळ्यावर येतं.

आता सुरुवात. पॉकेट काढा, मग रेल, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबर लावलेल्या पट्ट्या. सहा रेल असतात, प्रत्येकीला तीन बोल्ट, सगळे खालून. प्रत्येक रेल कुठली ते मास्किंग टेपवर लिहून चिकटवा, बोल्ट-वॉशर त्या त्या रेलच्या पिशवीत. जुनं कापड स्टेपलनं मारलेलं असेल तर चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं एकेक पिन उचकटून पकडीनं ओढा. खसकन कापड ओढून काढलं की पिना अर्ध्या तुटतात आणि त्यांची टोकं पट्टीत उभी राहतात. हे अगदी मनावर घ्या. आमच्या एका टेबलावर मधल्या पॉकेटजवळ हळू मारलेला बॉल जरासा उडायचा, नुसता डोळ्यांना दिसेल इतका, खेळणारे म्हणायचे कापड खराब आहे. कापड उचललं तेव्हा स्लेटच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यात भरलेलं मेण नखभर खाली बसलेलं निघालं आणि त्या खड्ड्यात कुठून तरी उडून आलेला पिनेचा एक तुकडा आडवा पडलेला. दोन वर्षं त्या तुकड्यावरून बॉल जात होता. तेव्हापासून मी सगळ्या पिना काढून झाल्यावर पट्टीवरून आणि सांध्यांवरून लोहचुंबक फिरवतो, आणि जी टोकं निघतच नाहीत ती कटरनं पट्टीला लागून कापून हातोडीनं आत बसवतो.

कापड गमनं चिकटवलेलं असेल तर काम वाढतं. आधी सोलून काढा, मग कडेला राहिलेला गम स्क्रेपरनं, पात जवळजवळ आडवी धरून. उभी धरली तर दगडावर ओरखडे उठतात. राहिलेला चिकटपणा फडक्यावर थोडं थिनर घेऊन पुसा, थिनर थेट दगडावर ओतू नका, तो कडेनं झिरपून पट्टीचा जोड सोडवतो. खिडक्या उघड्या ठेवा, आणि थिनर पूर्ण उडून गेल्याशिवाय, त्याची फडकी खोलीबाहेर नेल्याशिवाय पुढं मेण वितळवायला आग किंवा हीट गन हातात घ्यायची नाही, म्हणजे नाहीच.

मग खडूची धूळ. निळा खडू कापडातून गाळून खाली आलेला असतो आणि वर्षानुवर्षं साचून त्याचा थर होतो, सांध्यांपाशी तर पापुद्रे निघतात. व्हॅक्यूम क्लीनर लावा, झाडू मारू नका, झाडूनं ती धूळ नुसती उडते आणि तासाभरानं परत तिथंच बसते.

इथपर्यंतचं सगळं हमाली, खरं काम आता चालू होतं, लेव्हल आणि सांधे.

सुताराची लेव्हल बाटली इथं पुरत नाही. तिच्यात बुडबुडा मध्ये दिसतो आणि टेबल तरीही कलतं असतं. मशीन शॉपमध्ये वापरतात ती प्रिसिजन लेव्हल लागते, जिचा एक काप, म्हणजे बुडबुड्याच्या नळीवरची एक रेघ, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवते. भोसरी, अंबड, शिरोली अशा एमआयडीसीजवळ राहत असाल तर ओळखीच्या वर्कशॉपमधून एक दिवस मागून आणा, विकत घ्यायची गरज नाही. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमात टेबलाच्या पातळीत लांबीकडं ०.०२० इंच आणि रुंदीकडं ०.०१० इंचापर्यंतचा फरक चालतो, म्हणजे साधारण अर्धा आणि पाव मिलिमीटर. खेळायची जागा १०० बाय ५० इंच आहे, तेव्हा दोन्हीकडं हिशोब मीटरला ०.२ मिलिमीटरच्या आसपास येतो, त्या लेव्हलवर दहा काप. दहा कापांच्या आत आलात की नियमात बसलात, पण मी तीन-चारपर्यंत आणतोच, जमतं ते.

क्रम असा ठेवा. आधी दगडाखालची फ्रेम लेव्हलला आणा, पायांच्या स्क्रूनं किंवा पायाखाली पाचर देऊन. मग मधला तुकडा, तो पक्का झाला की दोन्ही बाजूचे तुकडे त्याच्याशी जुळवायचे. उलट केलं की तुम्ही दिवसभर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळत राहाल. दगड उचलायची वेळ आली तर एक इंच जाडीचा एक तुकडा ऐंशी-नव्वद किलोपर्यंत भरतो, दोघांनी तरी धरायचा आणि नेताना नेहमी उभा, कडेवर, आडवा धरला की मध्येच तडकतो. आणि खालच्या बाजूला कुठला तुकडा कुठं, तोंड कुठल्या बाजूला, ते आधी लिहून ठेवा, कारण तिन्ही तुकडे एकत्र घासलेले असतात, अदलाबदल चालत नाही.

आता सांधा. नियम सांगतो की दोन तुकड्यांच्या पातळीतला फरक ०.००५ इंचाच्या आत पाहिजे, म्हणजे ०.१३ मिलिमीटरच्या आत. हे मोजायला महागडं काही लागत नाही, झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. चांगली सरळ स्टीलची पट्टी सांध्यावर आडवी ठेवा, उंच तुकड्यावर घट्ट दाबून, पलीकडून मोबाईलचा टॉर्च मारा, आणि जिथं उजेड दिसतो तिथं कागद सरकवून बघा. एक कागद अडकत अडकत जातो तोवर ठीक, दोन कागद आरामात गेले तर तो सांधा अजून झालेला नाही. हे सांध्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीतभर वीतभर अंतरावर करायचं. पाऊण सांधा एकदम बरोबर असतो आणि शेवटच्या वीतभरात गडबड असते.

खाली राहिलेला तुकडा उचलायचा असेल तर दगड आणि फ्रेम यांच्यामध्ये, दगड फ्रेमला आवळणाऱ्या स्क्रूच्या अगदी जवळ, काहीतरी पातळ सरकवायचं. मी खेळायचे पत्ते वापरतो, एक पत्ता साधारण ०.३ मिलिमीटर, त्याहून बारीक फरकाला कागदाच्या घड्या. पत्ता घातला, स्क्रू आवळला, परत पट्टी आणि टॉर्च. स्क्रू आवळताना हात राखून, जास्त पिळला की दगड तिथं खाली ओढला जातो, फार झालं तर भोकाभोवती तडा जातो. एका सांध्याला अर्धा तास लागला तरी लागू दे, सगळ्या कामात वेळ द्यायची जागा हीच. बारा फुटी बिलियर्ड्स-स्नूकरच्या टेबलाला तर स्लेटचे पाच तुकडे म्हणजे चार सांधे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक अमॅच्युअर विजेते झाले, ते तशाच मोठ्या टेबलावर, आणि ते चार सांधे कुणीतरी असेच तासन्‌तास बसून जुळवले असणार हे मला दरवेळी आठवतं.

सांधे जुळले की त्यांच्या फटी भरायच्या. इथं दोन पंथ आहेत, मधमाशीचं मेण आणि गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती बॉडी पुट्टी. मी मेणवाला. कारण टेबल उद्या हलवायचं झालं तर मेण सहज निघतं, आणि जमीन जरा बसली, टेबल किंचित हललं तरी मेण सहसा तडकत नाही. पुट्टी कडक होते, तडा गेला की तिचा चुरा होतो आणि तो चुरा कापडाखालीच फिरतो. पण मेण खरं मधमाशीचंच पाहिजे, पिवळं, आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळतं, ते साठ अंशाच्या पुढं वितळतं त्यामुळं विदर्भातल्या उन्हाळ्यातही जागा सोडत नाही. साधी मेणबत्ती वापरू नका. मी पहिल्या वेळी तीच वापरली होती, थंड होताना ती आक्रसली, सांध्यात बारीक चर पडला आणि महिनाभरात बॉल तिथून जाताना आवाज यायला लागला, सगळं कापड परत काढावं लागलं.

मेण भरायची पद्धत अशी. हीट गननं सांध्याच्या दोन्ही कडा कोमट करा, हाताला गरम लागेल इतपतच, गन एका जागी धरून ठेवू नका, दगडाचा पापुद्रा सुटू शकतो आणि खालची पट्टीही करपते. मग मेणाची कांडी सांध्यावर धरून वितळवत न्या, सांधा भरून थोडं वर येईल इतकं. कोमट दगडात मेण आत उतरतं, गार दगडावर ते नुसतं वर बसतं आणि मागाहून टवका उडतो. पूर्ण गार व्हायच्या आधी, घट्ट झालंय पण नख रुततंय अशा वेळी, धारदार सरळ स्क्रेपर सांध्याला तिरपा धरून एका दमात ओढा. सांध्याच्या दिशेनं ओढलंत तर पात आत जाऊन मेण उकरून काढते. स्क्रूची भोकं, जुन्या खिळ्यांची भोकं, सगळं असंच भरून घ्या, पण त्याआधी प्रत्येक स्क्रूचं डोकं दगडाच्या खाली आहे ना ते बोट फिरवून बघा.

पॉकेटच्या तोंडाशी मात्र मीसुद्धा पुट्टीच वापरतो. तिथं वर्षानुवर्षं बॉल आपटून दगडाचे टवके उडालेले असतात, मेण तिथं टिकत नाही. हार्डनर (पुट्टी कडक करायला मिसळतात तो) डब्यावर लिहिलंय तेवढाच घाला, उन्हाळ्यात तर थोडा थोडाच माल कालवा, पाच-सात मिनिटांत दगड होतो हातात. पनीरसारखी घट्ट झाली की जादाची कापून टाका, पूर्ण सुकल्यावर अर्धगोल कानशीनं मूळ गोलाईला आणा. मग सगळ्याच पॉकेटच्या कडांवरून १२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, धार बोथट करायची एवढंच, गोलाई वाढवायची नाही, नाहीतर पॉकेटचं माप बदलतं. धार राहिली तर कापड ताणताना तिथंच फाटतं आणि बहुतेक वेळा शेवटच्या पॉकेटला फाटतं.

आता तपासणी, आणि ही मला फार आवडते. खोलीचे दिवे बंद करा, टॉर्च दगडाला टेकवून आडवा उजेड मारा, प्रत्येक ओरखडा, मेणाचा प्रत्येक थेंब सावली टाकून दिसतो. मग तळहाताखाली पातळ मलमलचा रुमाल घेऊन सगळ्या दगडावरून हात फिरवा, उघड्या हाताला जे कळत नाही ते रुमालातून कळतं, गाड्यांचे डेंटरही असंच बघतात. शेवटी एक बॉल अगदी हळू, जेमतेम पलीकडं पोचेल असा सोडा आणि डोळे मिटून ऐका. उघड्या दगडावर बॉल सलग घरंगळल्याचा आवाज येतो, सांध्यावर ‘टक’ झालं की तिथं पातळी चुकलीय. लांबीत, रुंदीत, तिरपं, दोन्ही बाजूंनी सोडून बघा. टक ऐकू आलं तर कंटाळा न करता परत पट्टी, परत टॉर्च.

सगळं जमलं की कापड सरळ बसवायला दगडाच्या चारही कडांवर मधोमध पेन्सिलीची बारीक खूण करा. मार्करची नको, फिक्या कापडातून शाई वर येते. परत एकदा व्हॅक्यूम, मग कोरडं मायक्रोफायबरचं फडकं, आणि कापड त्याच बैठकीत चढवा. रात्र मध्ये गेली तर दगडावर धुतलेली चादर पसरून ठेवा, पंखा बंद, आणि सकाळी चादर झटकू नका, घडी घालत घालत उचला, मग व्हॅक्यूम पुन्हा एकदा मारून कापडाची गुंडाळी उघडा.