सांदण दरीत वीस जणांचा गट उतरवताना

साम्रद गावातून कोकणाकडे उतरणारी सांदण दरी चालायला फार लांब नाही. तरीही गट मोठा असला की दिवस कमी पडतो, कारण वेळ चालण्यात जात नाही, दोराच्या रांगेत जातो. म्हणून आधी दोराचा हिशेब करायचा आणि त्यावरून निघायची वेळ ठरवायची.

दोराने उतरायचा पहिला मोठा टप्पा साधारण 45 फुटांचा आहे, पुढे 15-20 फुटांचे दोन छोटे टप्पे येतात. नवख्या माणसाचा हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) तपासून, त्याला धीर देऊन खाली सोडायला पाच मिनिटं धरा, छोट्या टप्प्यांना तीन. वीस जण आणि दोराचा एकच संच असेल तर 100, 60 आणि 60, म्हणजे 220 मिनिटं. तिन्ही ठिकाणी वेगळे संच लावले तर उतरलेले लोक पुढे सरकत राहतात आणि तेच काम सव्वादोन तासांत होतं. करोली घाटाने परत साम्रदला चढायचं असेल तर हा वाचलेला वेळ लागतोच. नवख्या गटाला तो चढ तीन-चार तास खातो आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारू लागतं. तेव्हा साम्रद सकाळी साडेसहाला सोडा, नवाच्या आत पहिल्या टप्प्यावर पोहोचा.

वीस जणांमागे पाच जाणती माणसं हवीत: तीन दोरांवर तीन, एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे (बॅक लीड). गावातला वाटाड्या यांच्याशिवाय वेगळा. गटात प्रत्येकाला क्रमांक द्या. डोह, टप्पे आणि जेवणाची जागा, दरवेळी क्रमांक म्हणवून घ्या. नुसती डोकी मोजली की कुणीतरी दोनदा मोजलं जातं.

सुरुवातीला दोन डोह लागतात. पाऊस संपल्यावर लगेच गेलात तर दुसऱ्यात पाणी छातीपर्यंत असू शकतं, उन्हाळ्याकडे ते बरंच उतरतं. पुढच्याने काठीने तळ चाचपायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याच रेषेत चालायचं. बूट काढायचे नाहीत. अनवाणी पाय शेवाळलेल्या दगडावर घसरतो आणि घोटा इथेच मुरगळतो. कोरडे मोजे, मोबाइल आणि डबा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. बॅगेचं रेनकव्हर वरून येणारा पाऊस अडवतं, खालून शिरणारं पाणी नाही.

मग धोंड्यांचा पट्टा येतो. दोन्ही बाजूंचे कातळकडे दोनशे फुटांच्या वर आहेत आणि वरून दगड सुटतात, म्हणून हेल्मेट पहिल्या धोंड्यापासून डोक्यावर हवं, फक्त दोरापाशी नाही. जेवायला अगदी कड्याच्या पायथ्याशी बसू नका, सावली कितीही मोहाची असली तरी. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. सिगारेट, शेकोटी, उग्र अत्तर आणि आरडाओरडा, चारही बंद. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे प्रवेशशुल्क गावातच भरा आणि कचरा परत न्या, केळ्याच्या सालीसकट.

मोठ्या टप्प्याला 10-11 मिमीचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा दोर घ्या. 45 फूट म्हणजे सुमारे 14 मीटर, शेवटी खालून ओढून घेता यावा म्हणून दुहेरी केल्यावर 28. तीस मीटरचा दोर कागदावर पुरतो, पण अँकरपासून (दोर जिथे बांधतो त्या जागेपासून) कड्यापर्यंतचं अंतर त्यात धरलेलं नसतं. चाळीसचा घ्या. अँकर निदान दोन स्वतंत्र बोल्टांवर बांधा, जुना बोल्ट हलवून पाहिल्याशिवाय त्यावर भार टाकू नका. नवख्यांना वेगळ्या दोरावर वरून बिले द्या, म्हणजे हात सुटला तरी वरचा माणूस त्यांना धरून ठेवील. सैल केस आणि लोंबणाऱ्या ओढण्या आधीच आत खोचायला सांगा, त्या डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात) ओढल्या जातात आणि माणूस मधेच अडकतो.

शेवटच्या माणसाला वरून बिले मिळत नाही. तो दुहेरी दोरावर, खाली प्रूसिकची गाठ (भार आला की दोराला घट्ट आवळणारी) लावून उतरतो. दोराच्या टोकांना मारलेल्या गाठी दोर ओढण्याआधी सोडायच्या. हे विसरलं की गाठ वर जाऊन अँकरच्या रिंगमध्ये अडकते आणि दोर वरच राहतो. पहिला दोर ओढला की मागे फिरायची वाट संपली. म्हणून कुणाला ताप असेल, गुडघा दुखत असेल, भीतीने पाय कापत असतील तर त्याला एका जाणत्यासोबत इथूनच साम्रदला परत पाठवा. हा निर्णय घेताना लाजू नका.

दरीत हाक घुमते, शब्द कळत नाहीत. शिट्टीच्या खुणा आधी ठरवा: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे दोर मोकळा, सतत वाजली तर धोका.

पावसाळ्यात ही वाट नाहीच. अवकाळी पावसाचा अंदाज असेल किंवा घाटमाथ्यावर नुसते ढग दाटले असतील तरी बेत रद्द करा. दरीत कोरडं असतं आणि वर पडलेलं पाणी याच घळीतून उतरतं, अंग काढायला बाजूला जागा नाही. त्याच कारणाने दरीत तंबू ठोकू नका.

करोली घाट चढायची ताकद नसेल तर खाली डेहणे गावाकडे उतरा. तिथून आसनगाव स्टेशनची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण दरीत मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. साम्रदमध्ये ज्यांच्याकडे जेवण सांगितलंय त्यांना परतीची वेळ आणि माणसांची संख्या द्या. दुपारी अडीचपर्यंत शेवटचा टप्पा उतरून झाला नसेल तर करोलीचा विचार सोडा.

घरी आल्यावर ओला दोर सावलीत वाळवा. ज्यावर दगड पडला असेल त्याला खूण करून वेगळा ठेवा, कपडे वाळत घालायला चालेल.