सायकल लाईटसाठी घरच्या घरी बॅटरी पॅक: बांधायचा कसा आणि मुख्य म्हणजे तपासायचा कसा

सायकलच्या हेडलाईटमधला एलईडी वर्षानुवर्षं चालतो, पण सोबत आलेला पॅक मात्र बराच आधी मान टाकतो. उघडून बघितलं तर आत असतं काय, चार १८६५० सेल (गोल, बोटाएवढे लिथियम आयन सेल), एक चिमुकला बोर्ड, थोड्या पट्ट्या आणि वर गुंडाळलेला टेप, बस. त्यामुळे नवीन पॅक आपणच बांधावा असं वाटणं साहजिक आहे आणि बांधताही येतो. फक्त एक आधीच सांगून ठेवतो, बांधायला एक संध्याकाळ पुरते आणि तपासायला दोन आठवडे लागतात, आणि ज्याला ते दोन आठवडे द्यायचे नाहीत त्याने सरळ तयार पॅक घ्यावा. लिथियम सेल चुकीचा वागला तर नुसता बंद पडत नाही, पेट घेतो.

आधी आपल्याला खरंच काय लागतंय ते बघा. लाईट यूएसबीवर ५ व्होल्टने चालत असेल तर पॅक बांधायच्या भानगडीतच पडू नका, पॉवर बँक पुरते (मागचा लाल लाईट इतका कमी करंट घेतो की काही पॉवर बँक आपोआप बंद होतात, तेवढं तपासून घ्या). ज्या लाईटवर किंवा त्याच्या चार्जरवर ८.४ व्होल्ट लिहिलंय त्याला दोन सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकाच्या प्लसला दुसऱ्याचा मायनस असे जोडलेले, लागतात. एका लिथियम आयन सेलचं नॉमिनल व्होल्टेज ३.६ किंवा ३.७, फुल चार्जला ४.२, म्हणून दोनाचे ८.४. खाली ३ व्होल्टच्या आसपास थांबायचं, अडीचच्या खाली तर कधीच नाही.

पॅक किती मोठा हवा हे लाईटवर छापलेल्या ल्युमेनवरून ठरवू नका, ते आकडे बऱ्याचदा हवेतले असतात. मल्टीमीटर १० अँपियरच्या रेंजवर लावून बॅटरी आणि लाईटच्या मध्ये सिरीजमध्ये जोडा आणि फुल ब्राईटनेसला किती करंट जातो ते बघा. मोजून झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, कारण तो अँपियरच्या भोकात राहिला आणि तुम्ही तसाच सेलचं व्होल्टेज मोजायला गेलात की थेट शॉर्ट. समजा ७.२ व्होल्टला १.४ अँपियर आले, म्हणजे साधारण १० वॉट. आता २६०० एमएएचचे चार सेल, दोन पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) आणि अशा दोन जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे ५.२ अँपियर-अवर गुणिले ७.२, साधारण ३७ वॉट-अवर. कागदावर पावणेचार तास निघतात, सेल जुने झाले किंवा थंडी असली की तीन धरा. तेवढं पुरत असेल तर चार सेल घ्या, नाहीतर सहा.

आता सेल. १८६५० म्हणजे १८ मिलीमीटर जाडी आणि ६५ मिलीमीटर लांबी. या आकारात चांगल्यातल्या चांगल्या सेलची कॅपॅसिटी साधारण ३५०० एमएएच असते, त्यामुळे वेष्टनावर ५००० किंवा ९९०० लिहिलेलं दिसलं की तो सेल हातातून खाली ठेवा, पुढे चर्चा नको. वजनावरूनही कळतं, खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅमच्या आसपास भरतो, खोटे बरेच हलके लागतात. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल वापरणारे बरेच लोक आहेत आणि त्यात चांगले सेल निघतातही, पण जो सेल २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला आहे तो चार्ज होऊन ४.२ दाखवायला लागला तरी घेऊ नका. इतक्या खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमा होऊन आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. वेष्टन फाटलेला, गंज दिसणारा, चेपलेला, गोडसर वास येणारा, हे सगळे बाद.

प्रत्येक सेलवर मार्करने नंबर टाका आणि वहीत पान करा. मोबाईलवर केलंत तरी चालेल पण कुठेतरी लिहाच, डोक्यात राहत नाही. पहिल्यांदा सगळे ४.२ ला चार्ज करा आणि चार्ज होताना हात लावून बघत राहा, कोमट ठीक, गरम झाला तर बाद. मग एक आठवडा नुसते ठेवून द्या. चांगला सेल आठवड्यानंतर जवळपास तिथेच असतो, फारतर चार्ज संपल्यावरचं किंचित बसणं, ४.१८ वगैरे. जो ४.१० च्या खाली घसरला तो स्वतःच्या आत चार्ज खातोय. हा आठवडा लोक सर्रास गाळतात, आणि नेमका असाच सेल पॅकमध्ये गेला की सहा महिन्यांनी सगळा पॅक बिघडवतो.

त्यानंतर कॅपॅसिटी. डिस्चार्ज टेस्ट करणारा चार्जर असेल तर ०.५ किंवा १ अँपियरला लावून २.८ व्होल्टपर्यंत खाली आणा आणि आलेला आकडा लिहा. छापील कॅपॅसिटीच्या ८० टक्क्यांच्या खाली असेल तर लाईटसाठी नको. इंटर्नल रेझिस्टन्स, म्हणजे सेलचा आतला अडथळा, तोही बघा. मोजायचं यंत्र नसेल तर साधी पद्धत अशी, लोड न लावता येणारं व्होल्टेज लिहा, मग १ अँपियर लोड लावून पाच-दहा सेकंदांनी पुन्हा मोजा, जितके मिलिव्होल्ट पडले तितके मिलिओहम. मात्र मीटरचे प्रोब लोडच्या वायरवर नाही, थेट सेलच्या टोकांवर टेकवा, नाहीतर होल्डरचा आणि वायरचा रेझिस्टन्सही त्यात धराल. ४०, ५०, ६० आले तर छान. या पद्धतीने आकडा यंत्रापेक्षा थोडा जास्तच येतो, तरी १०० च्या बराच वर गेलेला सेल बाजूला काढा. फुल ब्राईटनेसला त्याचं व्होल्टेज बसतं आणि लाईट अर्ध्या वाटेतच लाल इंडिकेटर दाखवायला लागतो.

जोड्या लावताना पॅरलल गटांची बेरीज सारखी आली पाहिजे, २६०० आणि २३०० एकीकडे, २५०० आणि २४०० दुसरीकडे, असं. सिरीज म्हणजे बैलजोडी आहे, एक बैल थकला की दुसऱ्यात कितीही दम असला तरी गाडी तिथेच थांबते. इथे तर थांबतही नाही, अजून वाईट होतं. पॅक ६.२ व्होल्ट दाखवतो, तुम्हाला वाटतं दोन्ही ३.१ वर असतील, आणि प्रत्यक्षात एक ३.७ वर आणि दुसरा २.५ वर आलेला असतो. चार्जिंगला उलटं, एकूण ८.४ बरोबर दिसतंय पण एक ४.०५ आणि दुसरा ४.३५. म्हणून बीएमएस बोर्ड (धोक्याच्या व्होल्टेजला पॅक आपोआप कापणारा) लागतोच, आणि तोही दोन गटांच्या जोडावर लागणारी मधली वायर असलेला, म्हणजे प्रत्येक गटावर वेगळी नजर ठेवणारा. स्वस्त बोर्ड नुसते कापतात, बॅलन्स करत नाहीत म्हणजे दोन्ही गट सारख्या व्होल्टेजला आणत नाहीत, घेताना बॅलन्स असलेला मागून घ्या.

बांधणी. सेलवर थेट सोल्डर करू नका. लोक करतात, व्हिडिओही भरपूर आहेत, पण ती उष्णता आत जाते आणि आतल्या सेपरेटरचं आणि सीलचं काय झालं ते बाहेरून दिसत नाही. स्पॉट वेल्डर (क्षणभराच्या मोठ्या करंटने पट्टी चिकटवणारं यंत्र) मिळवा, नाहीतर पट्टी आधीच वेल्ड केलेले सेल घ्या. पहिलाच पॅक असेल तर चांगल्या स्प्रिंगचा होल्डरही चालतो, फक्त खडबडीत रस्त्यावर सेल हलतात म्हणून वरून घट्ट टेप हवा. पट्टी शुद्ध निकलची, ०.१५ मिलीमीटर जाड आणि ८ मिलीमीटर रुंद इथे भरपूर झाली. निकल म्हणून निकलचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या पट्ट्या सर्रास विकल्या जातात, एक तुकडा कानशीने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, गंज आला तर स्टील. वेल्डही तपासायचं, आधी एखाद्या मेलेल्या सेलवर पट्टी लावून पकडीने ओढा, पट्टी फाटून वेल्डचे ठिपके सेलवरच राहिले तर सेटिंग बरोबर, अलगद सुटून आली तर पॉवर वाढवा.

एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही, १८६५० चा अख्खा डबा निगेटिव्ह असतो, अगदी वरच्या खांद्यापर्यंत. पॉझिटिव्ह फक्त मधली बटणासारखी टोपी, आणि दोघांच्या मध्ये पातळ वेष्टन. म्हणून पॉझिटिव्ह टोकावर इन्सुलेशन कागदाची रिंग चिकटवा, मगच पट्टी. अंगठी, कडं, धातूचा पट्टा काढून ठेवा. पॅरलल करण्याआधी दोन्ही सेलच्या व्होल्टेजमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फरक नको, नाहीतर जोडताक्षणी एक दुसऱ्यात ओततो. वायर पट्टीला सोल्डर करायची ती पट्टी सेलवर बसवण्याआधीच करून ठेवा, म्हणजे सेलला आच लागत नाही. बोर्डला वायर जोडायचा क्रम बी मायनस (पॅकचं निगेटिव्ह टोक), मग मधली, मग बी प्लस (पॉझिटिव्ह टोक). पॉझिटिव्ह वायरमध्ये, सेलच्या जितकं जवळ जमेल तितकं, ५ अँपियरचा फ्यूज टाका, बोर्ड आहे म्हणून फ्यूज नको असं नाही, बोर्डही जळतात आणि जळताना कधीकधी चालू अवस्थेतच अडकतात. कनेक्टर असा निवडा की बॅटरीच्या बाजूची धातूची टोकं आत झाकलेली राहतील, उघडी पिन बॅटरीच्या बाजूला नको.

बोर्ड जोडून झाल्यावर आउटपुटला शून्य दिसलं तर घाबरू नका, काही बोर्डांना जागं करायला एकदा चार्जर लावावा लागतो. चार्जर मात्र ८.४ व्होल्टचा लिथियमसाठीचाच. घरात पडलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर अजिबात नाही. नवीन चार्जर पॅकला लावण्याआधी नुसता मोजा, ८.३५ ते ८.४५ ठीक, त्याच्या वर दाखवत असेल तर तो चार्जर बाद. पहिलं चार्जिंग फरशीवर, जवळ जळण्यासारखं काही नाही अशा जागी आणि तुम्ही जागे असताना, आणि दर पंधरा मिनिटांनी दोन्ही गट वेगवेगळे मोजा. शेवटी दोघांत ०.०२ पेक्षा जास्त फरक पडत असेल तर पुढे जाऊ नका, कारण शोधा.

मग लोड टेस्ट, माझ्या मते खरी मजा इथेच आहे. ५ ओहम २५ वॉटचा रेझिस्टर ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर स्क्रूने बसवा, हा सुरुवातीला १.७ अँपियरच्या आसपास आणि पुढे १.४ असा करंट खेचतो, म्हणजे साधारण आपल्या लाईटइतकाच. रेझिस्टर चटका बसेल इतका तापतो, हात लावू नका. दर दहा मिनिटांनी एकूण व्होल्टेज आणि दोन्ही गटांचं वेगळं लिहा. व्होल्टेज भागिले ५ म्हणजे त्या वेळचा करंट, त्याला दहा मिनिटं म्हणजे तासाच्या सहाव्या भागाने गुणा आणि बेरीज करत जा, कॅपॅसिटी मिळते. आपल्या ५.२ च्या पॅकमधून ४.८ च्या वर निघाले तर उत्तम. ज्या गटाचं व्होल्टेज शेवटी आधी कोसळतं तो कमजोर गट, त्याच्यावर खूण करून ठेवा. शेवटपर्यंत समोर बसून राहा, कारण बोर्ड कापतो की नाही हे याच टेस्टमध्ये कळतं. कुठलाही गट २.५ ला पोचला आणि बोर्डने कापलं नाही तर लोड हाताने काढा आणि बोर्ड बदला. उलट ३.२ लाच कापत असेल तर मधल्या वायरचा सोल्डर बघा.

हे सगळं पास झालं की मगच हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी, चढवायची. डबीत बसवून सिलिकॉन भरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारा नको, त्यातलं ॲसिड तांब्याला आणि सोल्डरला खातं, न्यूट्रल वाला घ्या. वायर डबीतून बाहेर येते तिथे आतून गाठ किंवा केबल टाय, म्हणजे ओढ सोल्डरवर येत नाही. लाईट चालू ठेवून पॅक हलवा, ठोका, वायर वाकवून बघा, एकदा जरी लुकलुकला तर परत उघडा. पाण्याचा फवारा मारून बघा, बुडवू नका.

लिथियमची भीती वाटत असेल तर एए साईजचे सहा निकल मेटल हायड्राइड सेल सिरीजमध्ये लावूनही ७.२ व्होल्ट होतात. वजनाला जड आणि २००० एमएएचच्या सेलमधून १४ वॉट-अवरच, पण चुकीला माफी जास्त. चार्जर मात्र त्यांचाच लागतो, लिथियमवाला चालत नाही.

वापरताना शून्य अंशाखालच्या थंडीत पॅक डिस्चार्ज केलेला चालतो, चार्ज करायचा नाही, आधी घरात आणून नॉर्मल तापमानाला येऊ द्या. महिनोन्महिने वापर नसेल तर फुल चार्ज ठेवू नका, प्रत्येक सेल ३.७ ते ३.८ वर असताना ठेवा. दर तीन-चार महिन्यांनी एकदा दोन्ही गटांचं व्होल्टेज वहीत लिहा, फरक हळूहळू वाढत चाललेला वहीतच दिसतो. पॅक फुगला, तापला किंवा पडून आपटला तर घराबाहेर मोकळ्या जागी नेऊन ठेवा, आणि त्यातून धूर यायला लागला असेल तर हात न लावता लांब व्हा, तो धूर विषारी असतो. बाद सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्यायचे, घरच्या कचऱ्यात नाही.